गाठ असेपर्यंत धार नाही

माझ्या उजव्या छातीत गाठ निघाली आणि आमच्या गल्लीने आपापल्या आवडीच्या वस्तू सोडायला सुरुवात केली. गुजरातेत याला बाधा ठेवणं म्हणतात. घरातलं माणूस आजारी पडलं की दुसऱ्याने देवापुढे उभं राहून सांगायचं, हे माणूस बरं होईपर्यंत मी अमुक खाणार नाही, तमुक करणार नाही. आम्ही खानदेशातून सुरतेतल्या उधन्याला आलो, लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागलो, इथली गोड डाळ पचवली आणि तिच्यासोबत ही बाधाही पचवली. आमच्याकडे नवस असतो. नवसात देवाने आधी काम करायचं, मग आपण द्यायचं. बाधेत आधी द्यावं लागतं. व्यापाऱ्यांचं गाव आहे, इथे देवसुद्धा ॲडव्हान्स घेतो.

माझा नवरा भिकन याने चहा सोडला. तो सचिन गावातल्या, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये मशीनवर असतो आणि तिथली माणसं चहावरच चालतात. याने दूध, साखर, आलं, वेलची असं सगळं उकळून प्यायला सुरुवात केली, फक्त पत्ती घालायची नाही. दिवसाला आधी पाच कप व्हायचे, आता सात व्हायला लागले. मी काही बोलले की म्हणायचा, "देवीले समजस सगळं, तू मधमा पडू नको." त्याचा मामेभाऊ शालिग्राम याने वांगं सोडलं. वांगं खाल्लं की शालिग्रामच्या अंगाला खाज सुटते हे आमच्या सगळ्या नात्यात माहीत आहे. माझी मुलगी हर्षदा हिने पाणीपुरी सोडली. तिची बाधा खरी होती. पाणीपुरीची गाडी दिसली की पोरगी रस्ता ओलांडून पलीकडून जायची.

शेजारच्या दत्तूने दारू सोडली. गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे कागदोपत्री दत्तू कधी पीतच नव्हता. जे अस्तित्वातच नाही ते त्याने माझ्यासाठी सोडलं आणि गंमत म्हणजे खरोखर सोडलं. त्याची बायको रंजना एक दिवस दुपारी माझ्याकडे आली, माझे पाय चेपायला लागली आणि हळूच म्हणाली, "ताई, इलाजाची घाई करू नका हं. सावकाश होऊ द्या." तिचा चेहरा इतका प्रामाणिक होता की मला चिडताही येईना.

बाधा लोकांची, पण चौकशी माझ्याकडे. भाजीवालीपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे विचारायचे, "उषाबाई, अजून किती राहिलं?" जसं काही मी मुद्दाम वेळ लावतेय. मी आजारी माणूस राहिलेच नाही. मी एक बंद पडलेलं रेल्वे फाटक झाले होते आणि दोन्ही बाजूला लोक ताटकळत उभे होते.

डॉक्टर मॅडम आमच्याशी हिंदीत बोलत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आधी केमो द्यायची, गाठ लहान करायची, मग ऑपरेशन, आणि त्यानंतर बघू. सरळ गोष्ट होती. पण सरळ गोष्टीवर आमच्या शालिग्रामचा विश्वास नाही. तो एका पतपेढीत कारकून आहे आणि फोनवर येतं ते सगळं वाचून डॉक्टर झालेला आहे. त्याने माझ्या गॅलरीत, डालड्याच्या डब्यांत, गव्हाचे अंकुर लावले. रोज सकाळी मी गाईसारखी तो हिरवा रस प्यायची आणि हर्षदा मला बघून हंबरायची. साखर बंद झाली. उधन्याच्या बागेतल्या हास्य क्लबात माझं नाव घातलं. तिथला पुढारी मला म्हणाला, "हसो बेन, कॅन्सर हास्यथी डरे छे." मी म्हटलं, तो घाबरतो की नाही माहीत नाही, पण डोक्यावर एक केस नसलेल्या बाईवर एवढे लोक एकदम ओरडून हसतात त्याची मला भीती वाटते.

सगळंच वाया गेलं असं मी म्हणणार नाही. बागेत चालण्याने मला बरं वाटायचं. तिथे एक बाई श्वासाचे व्यायाम शिकवायच्या, त्यांनी मला झोप परत आणून दिली. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, चाला, श्वास घ्या, डाळी-अंडी खा, खूप चांगलं. पण मग शालिग्रामने एक काळा काढा आणला, तोही मी मुकाट्याने प्यायले, आणि रक्ताच्या तपासणीत माझं लिव्हर बिघडलेलं निघालं. केमो पुढे ढकलावी लागली. मॅडमनी मला जे झापलं ते मी आईकडूनसुद्धा ऐकलं नव्हतं. "चालणं तुमचं, श्वास तुमचा," त्या म्हणाल्या, "पण तोंडात काही घालायचं तर आधी मला विचारायचं." तेव्हापासून काढा गटारीत जायला लागला. गटारीचं लिव्हर मजबूत असावं.

आता माझ्या सासूचं सांगते. धनकोरबाई. वय किती ते तिलाही माहीत नाही. अजून दात शाबूत, आवाज लूमच्या वरून ऐकू येणारा. गाठीचा तुकडा तपासायला काढला त्या दिवशी मी घरी आले, छातीवर पट्टी, भोवती काळंनिळं झालेलं. तिने ते पाहिलं आणि देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली. उठली तेव्हा तिची बाधा ठरलेली होती.

"इन्ही गाठ जाये तवलोंग," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्या घरमा लोखंडनी धार चालाव नही. आन् इना आंगले ते नहीज नही."

आम्हाला आधी ते समजलंच नाही. मग तिने गोणपाटाची पिशवी घेतली आणि घरातून फिरली. विळी गेली, सुऱ्या गेल्या, भिकनचं दाढीचं यंत्र, नेलकटर, हर्षदाची आयब्रोची कातर, सगळं पिशवीत गेलं आणि पिशवी पत्र्याच्या पेटीत. पेटीची किल्ली तिच्या गळ्यात. केमोच्या सुया? त्यावर तिने बराच विचार केला आणि निकाल दिला, टोचतं ते चालेल, चिरतं ते नाही. एवढा बारीक कायदा वकिलालाही सुचला नसता.

मग आमचं घर धारेशिवाय चालायला लागलं. कांदा बुक्कीने फुटतो हे तर खानदेशात पोरासोरांना येतं, पण दुधी बुक्कीने फुटत नाही, तो पायरीवर आपटावा लागतो. भोपळा हर्षदाने सोसायटीच्या गच्चीवरून खाली टाकला, तेव्हा वॉचमनने आमची तक्रार केली. एकदा तिने चोरून रंजनाकडून बटाटे चिरून आणले. म्हातारीने ताटातली फोड दोन बोटांत धरून फिरवली आणि म्हणाली, "ह्याले धार लागेल शे." सगळी भाजी गल्लीतल्या म्हशीला गेली. भिकनची दाढी छातीपर्यंत आली. मिलमध्ये ती मशीनच्या रोलरमध्ये जाईल म्हणून सुपरवायझरने तिला रबरबँड लावायला लावला. मी टकली, नवरा जटाधारी. आम्ही दोघं दवाखान्यात शिरलो की लोक आधी त्यालाच बसायला जागा द्यायचे.

माझं कामही गेलं. आमच्या गल्लीत बायका घरी धागा कटिंगचं काम करतात. भरतकामाच्या साडीला मागच्या बाजूला सुटे धागे लोंबतात, ते छोट्या कातरीने उडवायचे. केमोचे वाईट दिवस सोडले तर मला ते काम जमत होतं आणि मला ते हवं होतं, कारण हातात साडी असली की मी गाठीचा विचार करत नसे. कातर गेल्यावर मी उदबत्तीने धागे जाळायला लागले. बऱ्याच साड्या छान झाल्या. मग केमोच्या गुंगीत एकीवर डोळा लागला आणि मोराच्या पोटाला भोक पडलं. साड्या देणारा शेठ घरी आला, भोकातून बोट घालून मला दाखवलं. "आ शुं करी नाख्युं, बेन?" मी खरं कारण सांगितलं. तो बिचारा गुजराती, त्याला बाधा कळते. त्याने हात जोडले, साडी घेतली आणि परत काम दिलं नाही.

एवढं सगळं मी सहन केलं, कारण त्यात हसण्यासारखं होतं. केमो संपली. गाठ लिंबाएवढी होती ती हरभऱ्याएवढी झाली. घरात पेढे आले, पेढ्याला धार लागत नाही. मॅडमनी तपासलं, खूश झाल्या आणि म्हणाल्या, "सरस. आता बुधवारी ऑपरेशन."

भिकन म्हणाला, "पन मॅडम, गाठ ते गयीच ना जवळजवळ."

"जवळजवळ," मॅडम म्हणाल्या. "काका, आता ती झोपलेली आहे. तुम्ही उशीर केलात तर ती उठेल, आणि उठून आली की मग मला दोष देऊ नका. छाती काढावी लागेल. हीच वेळ आहे."

आम्ही घरी येऊन हे सांगितलं. म्हातारी दारात मांडी घालून बसली. उंबऱ्यावर. जाणाऱ्याला तिला ओलांडून जावं लागेल अशी.

"गाठ शे तवलोंग धार नही," ती म्हणाली. "देवीले जबान देयेल शे."

"आई, गाठ काढाकरताच धार लागस," भिकन म्हणाला.

"पहिले गाठ जाऊ दे. मंग धार."

म्हणजे गाठ गेल्यावर ऑपरेशन करायचं. भिकनने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. हा माणूस मिलमध्ये मोठमोठी मशीनं थांबवतो, पण आईपुढे याचं सगळं वंगण संपतं. तो म्हणाला, "आपन काहीतरी मार्ग काढू." मार्ग काढायला त्याने शालिग्रामला बोलावलं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं. हे दत्तूबद्दल नाही, शालिग्रामबद्दल म्हणतेय.

शालिग्रामने डोळे मिटून विचार केला. बाधा लोखंडाची आहे, तो म्हणाला, धारेची नाही. मग लोखंड नसलेली धार शोधायची. आणि आपण राहतो कुठे? सुरतेत. हिऱ्यांचा इथे काय तोटा? हिऱ्याचं पातं असतं, त्याने डोळ्यांची ऑपरेशनं होतात, हे त्याने वाचलेलं होतं. म्हातारीला विचारलं. तिने मान डोलवली. हिरा चालेल. हिरा लोखंड नाही.

मग आम्ही वरात घेऊन मॅडमकडे गेलो. पुढे शालिग्राम, मागे रबरबँडवाला भिकन, मी, हर्षदा. शालिग्रामने अगदी नम्रपणे सांगितलं की आपल्या ओळखीचा एक माणूस हिरे घासतो, मॅडमनी फक्त माप द्यावं. मॅडमनी चष्मा काढला, डोळे चोळले, चष्मा घातला आणि आम्ही अजून तिथेच आहोत हे बघितलं.

"भाई," त्या म्हणाल्या, "मैं ज्वेलर नहीं हूँ." मग माझ्याकडे वळल्या आणि मराठीत, मोडक्या मराठीत, पण माझ्यासाठी मराठीत बोलल्या. "उषाबेन, मी स्टीलचा ब्लेडने काम करते. तुम्ही येणार की नाही, एवढाच सांगा. तुमचा शरीर आहे. ह्यांचा नाही."

तिथे, त्या खुर्चीत, मला एक गोष्ट कळली आणि ती मला आवडली नाही. मला म्हातारीचा राग येत होता, पण पोटातून कुठेतरी बरंही वाटत होतं. ती उंबऱ्यात बसली होती म्हणून मला आत जाऊन झोपावं लागत नव्हतं. माझी पाचावर धारण बसली होती. गुंगीतून उठल्यावर खाली बघायचं आणि तिथे काही नसायचं. तिच्या बाधेमागे मी लपले होते.

सोमवारी शालिग्राम नवीन मार्ग घेऊन आला. एका गावात एक माणूस लेप देतो. लेप लावला की गाठ पिकते आणि आपोआप गळून पडते. धार नाही, लोखंड नाही, काही नाही. त्याच्या पतपेढीतल्या एकाच्या मावशीने लावला होता.

"ती मावशी कशी आहे आता?" मी विचारलं.

"ती वारली," शालिग्राम म्हणाला. "पण गाठीने नाही. गाठ गळून पडली होती."

"मग कशाने?"

"ते त्यांनी विचारलं नाही."

मला वाटलं भिकन आता शालिग्रामला हाकलेल. पण तो दाढी कुरवाळत म्हणाला, "एकदा बघाले काय हरकत शे?" आणि मला कळलं की हा मनुष्य मला त्या लेपवाल्याकडे घेऊन जाणार आहे. आईला दुखवण्यापेक्षा त्याला ते सोपं होतं. त्याचं माझ्यावर प्रेम नाही असं नाही. केमोच्या दिवसांत माझी उलटी त्याने स्वतःच्या हाताने धुतली आहे. पण प्रेम करणारा माणूस भित्रा असला की त्याच्या हातून मरणसुद्धा मायेने येतं.

रंजना दाराशी उभी राहून हे ऐकत होती. तीच रंजना, सावकाश होऊ द्या म्हणणारी. ती म्हातारीला ओलांडून आत आली, सरळ माझ्यापुढे येऊन बसली. "ताई, ऑपरेशनला जा," ती म्हणाली. "आमचे हे परत प्यायला लागले तर लागले. त्यांना मी बघून घेईन. तुम्ही नसल्यावर मी कोणाकडे यायचं?" मला एवढं माहीत होतं की तिच्या घरात तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच शांतता आलेली आहे, आणि ती शांतता ती माझ्यासाठी उचलून देत होती.

मी उठले आणि उंबऱ्याशी गेले. म्हातारीच्या शेजारी खाली बसले. माझ्या ओढणीतून टक्कल चमकत असणार.

"आत्याबाई," मी म्हटलं, "मला मरायचं नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे बघत बसली. पॉवरलूमचा आवाज येत होता, तो इथे असतोच. मग ती बोलायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचा आवाज एवढा खाली आलेला ऐकला.

"मन्ही मायले बी अशीज गाठ व्हयेल व्हती. ह्याज जागावर. गावना न्हावीनी वस्तराघाई चिरी. मी इतलीशी व्हती. माले दिवा धराले उभं करेल व्हतं." ती थांबली. "माय वरडनी, वरडनी. मंग गप व्हयनी. तवयपाशी माले धारना आवाज सहन व्हत नही. इळीवर भाजी चिरतंस ना तुम्ही, मी गॅलरीमा जाई बससू, तुमले माहित बी नही."

मला खरंच माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की ती कामचुकार आहे, भाजी चिरायची वेळ झाली की पळते. तिला घट्ट धरावंसं वाटलं, पण आमच्या घरात सुना सासवांना धरत नाहीत. मी तिला सांगितलं की आता गुंगी देतात, दुखत नाही, ओरडत नाही कोणी. सांगितलं की मला पण भीती वाटते, तुमच्यापेक्षा जास्त. सांगितलं की देवी कोपली तर माझ्यावर कोपू दे, छाती माझी आहे.

ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. पण बुधवारी सकाळी आम्ही निघालो तेव्हा ती उंबऱ्यात नव्हती. रिक्षात जाऊन बसलेली होती. भिकन म्हणाला, ही आता ऑपरेशनच्या दारात बसणार.

दवाखान्यात मला हिरवा गाऊन दिला. नर्स आली आणि हर्षदाला गुजरातीत म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं, पिना. धातूचं काहीही नको.

"काय म्हनस ती?" म्हातारीने विचारलं.

"आजी, आतमध्ये अंगावर धातू चालत नाही म्हणे," हर्षदा म्हणाली.

म्हातारी ताठ झाली. "लोखंड बी नही?"

"कुछ भी नहीं, माजी," नर्स म्हणाली.

"आन् डाक्टरीन?"

"मॅडम भी घड़ी-चूड़ी सब बाहर निकालती हैं."

म्हातारीने हे नीट ऐकून घेतलं. मग भिकनकडे वळून, जणू काही आपल्याला आधीपासूनच ठाऊक होतं अशा आवाजात म्हणाली, "दखा. ह्या लोके बी बाधा पाळतंस."

आत ब्लेड आहे हे तिला कळत नव्हतं असं मी मरेपर्यंत मानणार नाही. ती वेडी नाही. तिला देवीपुढे ठेवायला काहीतरी कारण हवं होतं, ते त्या नर्सने तिला आयतं दिलं, आणि तिने ते दोन्ही हातांनी घेतलं.

बाकी सगळं निघालं, माझी जोडवी निघेनात. केमोने पाय सुजले होते आणि जोडवी मांसात रुतली होती. नर्सने ओढून पाहिलं, साबण लावून पाहिला, मग म्हणाली, कापावी लागतील, आणि छोटं कटर आणायला वळली. म्हातारी जागची उठली. "आंगले हात लावू नको," ती नर्सवर इतकी खेकसली की शेजारच्या पेशंटचा सलाईनचा हात हलला. कुणाच्या तरी नातेवाइकाची खोबरेल तेलाची बाटली तिने न विचारता उचलली आणि माझ्या पायाशी, दवाखान्याच्या फरशीवर, बसली. माझं पाऊल मांडीवर घेतलं. लग्नापासून मी हिच्या पाया पडत आले, आणि आता ही माझ्या बोटांना तेल चोळत होती, हळूहळू, फिरवत फिरवत, तोंडाने देवीचं नाव घेत. मला लाज वाटून मी पाय ओढत होते, तर म्हणाली, "गप बस व." एक निघालं. दुसऱ्याला वेळ लागला. ते निघालं तेव्हा कातडी सोलली, पण धार लागली नाही.

तिने पदर पसरला. मंगळसूत्र, बांगड्या, कुड्या, जोडवी, सगळं तिच्या पदरात. त्याची गाठ मारून तिने ती कमरेला खोचली. "आखो काय काढतीन ते बी माले देजो," ती नर्सला म्हणाली. आणखी जे काही काढतील तेही तिला हवं होतं. नर्सला ते समजलं नाही. मला वाटलं मला समजलं, पण तेव्हा मला आत ढकलत नेत होते आणि छतावरचे दिवे एकामागून एक जात होते.

पुढचं मला हर्षदाने सांगितलं.

ऑपरेशन झाल्यावर मॅडम बाहेर आल्या. त्यांच्याकडे अशी पद्धत आहे, जे काढलं ते तपासणीला पाठवण्याआधी घरच्यांना दाखवतात. स्टीलच्या ट्रेमध्ये, हिरव्या कापडावर. मॅडम म्हणाल्या, सगळं नीट झालं, गाठ पूर्ण निघाली, काखेतलंही काढलं, उषाबेन बऱ्या आहेत. शालिग्राम ट्रे बघताच भिंतीला टेकला आणि बसला तो बसलाच. भिकनने दाढीत तोंड लपवलं. हर्षदाचीही मान वळली.

म्हातारी पुढे झाली. तिला दिसत कमी, म्हणून ती अगदी जवळ वाकली. खूप वेळ बघत राहिली. मॅडमना वाटलं हिला चक्कर येईल, त्यांनी ट्रे मागे घेतला, तर तिने कडेला हात लावून तो धरून ठेवला. मग तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, जसा देवळात ओढतात, आणि दोन्ही हात जोडले.

"तू मन्ही नातले दूध पाजं, व माय," ती ट्रेमधल्या माझ्या छातीला म्हणाली. "तुनं काम व्हयनं. आते सुखमा जाय."